ट्रॅक्टरचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घरी कसं बनवायचं: आरगॉनला नवख्या हातांसाठी

ऐन वखरणीत आमच्या तीन सिलिंडरच्या जुन्या ट्रॅक्टरचं बिडाचं मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरला देणारा भाग, मधल्या पोर्टापाशी (इंजिनातून धूर बाहेर पडायच्या तोंडापाशी) तडकलं. मिस्त्रीने आधी बिडाच्या रॉडने सांधून दिलं, ते आठ दिवस चाललं. मग पितळ भरलं, ते पंधरा दिवस. तिसऱ्यांदा घेऊन गेलो तर त्याने ते हातात उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "भाऊ, मढ्याले किती टाके मारू मी?" ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलेलं. जुन्या बाजारात एक सापडलं, तेही तडकलेलंच. मग स्वतःच बनवायला घेतलं.

मी हिंगणघाट तालुक्यातला कास्तकार. गेट, ट्रॉलीचे फाळके, वखराची पास असली रॉड वेल्डिंगची कामं वर्षानुवर्षं करतो, पण आरगॉन मला नवीन होतं. टंगस्टनच्या टोकाने आर्क काढायचा, वर आरगॉन गॅसचं पांघरूण ठेवायचं आणि तार हाताने वेगळी भरायची, हे टिग वेल्डिंग. त्याला आपल्याकडे सगळे आरगॉनच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे. माझं पहिलं मॅनिफोल्ड तीन आठवड्यांत फुटलं. दुसऱ्यावर सध्या चौथा हंगाम चालू आहे. या दोन्हींमध्ये माझा हात फार सुधारला होता असं नाही. फरक पडला तो पाइप, फ्लँज (पाइपच्या तोंडाची, इंजिनावर नटांनी कसायची जाड पट्टी) आणि साफसफाईत. प्रत्यक्ष वेल्डिंग एका सकाळीत उरकतं, त्याच्या आधीची तयारी चार दिवस खाते, हे मनाशी धरून चला.

साध्या ट्रॅक्टरला रॉड वेल्डिंग चालत नाही का? चालतं. पण रॉडचा स्लॅग (वेल्डवर जमणारी काचेसारखी पापडी) पाइपच्या आत राहतो आणि इंजिन तापलं-निवलं की त्याचे कण सुटतात. टर्बो असलेल्या इंजिनात तो कण थेट टर्बोच्या पंख्यावर जाऊन आदळतो. आरगॉनमध्ये स्लॅगच नसतो. शिवाय वितळलेला डोह डोळ्यांसमोर स्वच्छ दिसतो.

१. जुनं का फुटलं ते आधी शोधा

आमच्या ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरला एक आधारपट्टी होती. ती कधीतरी तुटली आणि कुणी परत लावलीच नाही. ट्रॅक्टर धुऱ्यावरून उतरला की तो सगळा सायलेन्सर डोलायचा आणि त्याचा झटका थेट मॅनिफोल्डला बसायचा. माझं पहिलं मॅनिफोल्ड फुटण्यामागे हेही एक कारण होतं आणि ते मला दुसऱ्या वेळी कळलं. तेव्हा पट्टी शाबूत आहे का, स्टड (इंजिनातून बाहेर आलेले आट्यांचे दांडे) ढिले आहेत का, हेडची (इंजिनाच्या वरच्या भागाची) बसायची बाजू सपाट आहे का, हे आधी बघा. नाहीतर नवीनही तिथेच जाईल.

२. पाइप निवडा (इथेच निम्मे लोक फसतात)

मीही इथेच फसलो. पहिल्या वेळी तालुक्याच्या एका दुकानातून रेलिंगचा चकचकीत स्टील (स्टेनलेस) पाइप आणला. "तीनशेचार आहे, बिनधास्त न्या," असं दुकानदार म्हणाला, म्हणजे स्टीलचा चांगला ग्रेड. चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही, म्हणून खात्री पटली. पण २०२ या हलक्या ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही! ग्रेड तपासायचं द्रावण मिळतं. त्याचा थेंब टाकून छोट्या बॅटरीची तार लावली की २०२ वर लालसर रंग उमटतो. हे मला पाइप फुटल्यावर एका भंगारवाल्याने दाखवलं. शिवाय तो पाइप जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड होता. दाराच्या रेलिंगला तो ठीक आहे, भार ओढणाऱ्या डिझेल इंजिनाच्या पाच-सहाशे अंशांना नाही.

तुमच्यापुढे दोन चांगले पर्याय आहेत.

पहिला, काळा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) पाइप, सी क्लास. त्यावर लाल पट्टा असतो. बी क्लासला निळा आणि ए क्लासला पिवळा. ३२ आणि ४० एनबी (पाइपच्या आतल्या व्यासाचं ढोबळ माप) मापात सी क्लासची जाडी ४ मिमी येते. तो स्वस्त आहे, चुका माफ करतो आणि आतून गॅस भरायची कटकट त्याला फारशी नाही. तो गंजेल, वरची पापडी निघेल, पण साध्या ट्रॅक्टरला वर्षानुवर्षं पुरेल. पहिलंच काम असेल तर माझं ऐका आणि हाच घ्या.

दुसरा, ३०४ एल स्टीलचा शेड्यूल १० (जाडीचा वर्ग) पाइप. ४० एनबीचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी आणि जाडी २.७७ मिमी. हा कारखान्यांच्या पाइपलाइनचा माल आहे. त्याच्या अंगावर 'ए३१२ टीपी ३०४ एल' असं छापलेलं असतं, ते वाचून घ्या. त्याच मापाचे वेल्डिंगचे एल्बो तयार मिळतात. नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत विचारा. मी दुसऱ्या वेळी हाच वापरला, थोडा हौसेपायी.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप मात्र घरात कितीही पडला असला तरी घेऊ नका. ड्रिपच्या कामातून उरलेला पाइप प्रत्येकाच्या कोठ्यात असतो आणि मोह होतोच. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला दीड हजाराच्या आसपास लागतात. म्हणजे लोखंड वितळायच्या कितीतरी आधी जस्ताचा पांढरा धूर तुमच्या नाकात गेलेला असतो. संध्याकाळी हीव भरतं, अंग फणफणतं. वेल्डही बुडबुड्यांचाच होतो.

३. सामान जमवा

- डीसी टिग इन्व्हर्टर मशीन, १६० किंवा २०० अँपिअरचं. टंगस्टन कामाला न टेकवता आर्क सुरू करणारी एचएफ सोय आणि शेवटी करंट हळूहळू उतरवायची सोय असावी. नुसत्या डीसी मशीनवर ॲल्युमिनियम होत नाही, दुकानदार काहीही म्हणो.
- शुद्ध आरगॉनचं सिलिंडर आणि गोळीवाला फ्लोमीटर (मिनिटाला किती गॅस जातो ते दाखवणारा). मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर गॅस असतो. मिनिटाला ८ लिटरने तो चौदा तासांहून जास्त चालतो. आमच्या भागात सिलिंडर बुटीबोरीकडून येतं. मिग वेल्डिंगचा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस चुकूनही घेऊ नका, टंगस्टनचं टोक क्षणात जळतं.
- टंगस्टन १.६ किंवा २.४ मिमी, राखाडी किंवा सोनेरी टोकाचं. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते थोडं किरणोत्सारी आहे. घासताना त्याची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मी ते सोडूनच दिलं.
- भरायची तार: एमएसला एमएस जोडायला ईआर ७० एस-२, ३०४ एलला ३०४ एल जोडायला ईआर ३०८ एल, स्टील पाइप एमएस फ्लँजला जोडायला ईआर ३०९ एल. जाडी १.६ मिमी.
- फ्लँजसाठी १२ मिमी एमएस प्लेट.
- ग्राइंडर, पातळ कटिंग चकत्या, फ्लॅप डिस्क, अर्धगोल कानस, गुण्या, शिकंजा, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या).
- स्टीलसाठी वेगळा स्टीलचाच ब्रश आणि वेगळी चकती. लोखंडावर फिरवलेला ब्रश स्टीलवर मारला की तिथे गंज रुजतो.
- असिटोन, पांढरं सुती फडकं, ॲल्युमिनियम फॉइल, उष्णता सोसणारी टेप.
- १० किंवा ११ शेडचा हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पातळ चामडी हातमोजे, धुराचा मास्क. आरगॉनचा उजेड रॉडपेक्षा जास्त भाजतो. गळ्याजवळचं बटण उघडं राहिलं तर संध्याकाळी तिथे लाल त्रिकोण उठतो.

४. पुठ्ठ्यावर ठसा घ्या

जुनं पॅकिंग ठेवून फ्लँज आखू नका. पॅकिंगची भोकं पोर्टापेक्षा मोठी असतात आणि ते तेलाने फुगलेलंही असतं. बियाण्याच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, स्टडची भोकं पाडून हेडवर घट्ट दाबा आणि अंगठ्याने पोर्टाच्या कडेवरून फिरवा. पोर्टाच्या तोंडाशी काजळी असतेच. पुठ्ठ्यावर तिचं काळं कडं स्वच्छ उमटतं. काजळी पुसून गेली असेल तर हातोडीने कडेवर हलके टोले द्या, कडेची रेघ उठते.

त्याच वेळी आजूबाजूची मापंही घ्या. डिझेलची नळी, वायर, टोपणाची (बॉनेटची) उंची. यांपासून निदान एक इंच तरी दूर राहा. आमच्या इंजिनावर बाहेरच्या दोन पोर्टांमध्ये २५० मिमी अंतर आहे. पुढचे आकडे त्यावरचे आहेत, तुमचे तुम्ही घ्या.

५. फ्लँज: अखंड नको, तीन वेगळे करा

पहिल्या वेळी मी तीनही पोर्टांना मिळून एकच लांब पट्टी कापली. दिसायला देखणी. वेल्ड झाल्यावर ती केळीसारखी वाकली. शिकंज्यात धरून, हातोडी मारून कशीबशी बसवली, आणि ताण सगळा वेल्डवर गेला.

आता हिशेब बघा. २५० मिमीचा स्टील पाइप ३० अंशांवरून ५५० अंशांवर गेला की जवळपास सव्वादोन मिमी लांब होतो. एमएस असेल तर पावणेदोनच्या आसपास. हेड मात्र पाण्याने थंड राहतं, ते त्याच अंतरात पाव मिमीही वाढत नाही. उरलेली वाढ कुठेतरी जायला हवी. बांधून ठेवली तर ती वेल्ड फाडून जाते.

म्हणून प्रत्येक पोर्टाला वेगळा फ्लँज. ८ मिमीच्या स्टडला मधल्या फ्लँजची भोकं साडेआठची ठेवा आणि बाहेरच्या दोघांची १० मिमीची, जाड वॉशर टाकून. मधला जागेवर राहतो आणि बाहेरचे सरकतात. फ्लँजचं तोंड पोर्टापेक्षा केसभर मोठं असलं तर चालतं. लहान असेल तर धूर त्या कडेवर आपटतो, म्हणून कानशीने मोठं करून घ्या.

६. पाइप कापा आणि जुळवा

रचना सोपी ठेवा. दोन टोकांना दोन एल्बो, मध्ये सरळ पाइप, मधल्या पोर्टाचा एक आखूड तुकडा मागून येऊन त्यात शिरतो आणि सायलेन्सरचं तोंड वर. ४० एनबीच्या लांब वळणाच्या एल्बोची मध्यापासून तोंडापर्यंतची लांबी ५७ मिमी असते. म्हणजे २५० मधून दोनदा ५७ वजा केले की मधला सरळ पाइप १३६ मिमीचा.

एल्बो थेट फ्लँजला चिकटवू नका. मी चिकटवला होता. वेल्ड झालं, थंड झालं, इंजिनावर चढवलं, आणि मग कळलं की नटला पान्हाच जात नाही. फ्लँज आणि एल्बोमध्ये २५-३० मिमीचा सरळ तुकडा ठेवा. टॅक (जोड धरून ठेवणारे वेल्डचे छोटे ठिपके) मारण्याआधी प्रत्येक नटवर पान्हा फिरवून बघा.

पाइपात पाइप शिरतो तिथे मासळीच्या तोंडासारखा काप लागतो. कागद गुंडाळून आकार काढा, ग्राइंडरने ढोबळ कापा, बाकी अर्धगोल कानशीने. हे काम कंटाळवाणं आहे, बाजूला चहा ठेवा. जोड जुळला की मोबाइलचा टॉर्च पाइपच्या आत ठेवून दार लावून घ्या. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे परत कानस. आरगॉनमध्ये फट भरता येते असं ज्याला वाटतं त्याने २.७७ मिमीच्या पाइपात दोन मिमीची फट भरून दाखवावी. डोह खाली गळतो आणि आत गाठी लोंबतात.

मधल्या पाइपात भोक पाडताना पूर्ण आतल्या व्यासाचं पाडा. काही जण लहान भोक पाडून वरून पाइप उभा करतात. बाहेरून छान दिसतं, आत इंजिनाचा श्वास कोंडतो.

७. वीज, वारा आणि ऊन सांभाळा

शेतातल्या लाइनवर व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टर मशीन मध्येच हात वर करतं. १०० अँपिअरच्या आरगॉनला आर्कमध्ये जेमतेम दीड किलोवॅट लागतात, रॉडपेक्षा कमीच. त्यामुळे गावठाणच्या सिंगल फेजवर पहाटे काम निभतं. एक्स्टेन्शन मात्र ४ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचं घ्या. बारीक वायरचं भेंडोळं तापतं आणि व्होल्टेज तिथेच संपतं. आकड्यावर तर हे मशीन लावूच नका. एका फटक्यात बोर्ड जातो आणि दुरुस्तीला पाठवायचा म्हणजे महिना गेला.

मशीनवर ड्यूटी सायकल लिहिलेली असते, बहुधा ४० अंश तापमान धरून. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार विश्रांती. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ च्या वर सहज जातं, म्हणजे विश्रांती आणखी वाढवायची. त्यात कूलर किंवा पंखा लावता येत नाही, कारण आरगॉनचं पांघरूण वाऱ्याने उडतं आणि वेल्डला भोकं पडतात. पहिल्या दिवशी माझ्या मुलाने कणव येऊन पंखा माझ्याकडे वळवला. वीस मिनिटं मी मशीनला शिव्या देत होतो. पहाटे पाच ते साडेआठ, दाराला ताडपत्री, एवढ्यात काय होईल ते करा.

हवा कोंडून मात्र घेऊ नका. आरगॉन हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो, त्याला वास नाही. गाडीखालच्या खड्ड्यात बसून हे काम कधीच करू नका. स्टीलच्या धुरात क्रोमियमही असतं, तेव्हा वरची खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क.

८. धुवा, पुसा, टोक घासा

रॉड वेल्डिंगवाल्याला ही पायरी अपमानास्पद वाटते. रॉड गंजावरही चालतो, रंगावरही चालतो. आरगॉनला मात्र माणसाच्या बोटाचं तेलही खपत नाही. जोडापासून दोन्हीकडे एक इंच, आतून आणि बाहेरून, फ्लॅप डिस्कने चकाकेपर्यंत घासा. काळ्या पाइपवरची निळसर पापडी पूर्ण गेली पाहिजे. मग असिटोनने पुसा, फडकं पांढरं राहीपर्यंत. भरायची तारही पुसा. माझी पहिली तार पुसली तेव्हा फडक्यावर काळी रेघ उठली होती.

ब्रेक क्लीनरचा स्प्रे यासाठी वापरू नका. क्लोरीनवाला असेल तर आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. थोडासाही फुप्फुसं निकामी करू शकतो. असिटोनही पूर्ण उडून जाऊ द्या आणि बाटली दूर ठेवा, ते पेट घेतं.

टंगस्टनचं टोक पेन्सिलीसारखं करा, पण घासल्याच्या रेघा लांबीच्या दिशेने यायला हव्यात. आडवं फिरवून घासलं तर आर्क इकडेतिकडे भटकतो. टोक डोहात बुडलं की थांबा, काढा, परत घासा. मी पहिल्या दिवशी सतरा वेळा घासलं. मग मोजणं सोडलं.

९. इंजिनावर टॅक मारा

फ्लँज नटांनी हेडवर कसा, पाइप जुळवा आणि प्रत्येक जोडाला तीन-चार ठिकाणी टॅक मारा. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, अल्टरनेटरची जोडणी सोडवा. अर्थिंगचा चिमटा थेट फ्लँजला लावा, चेसिसला नाही. नाहीतर करंट बेअरिंगांमधून वाट काढतो. डिझेलचे ओघळ पुसून घ्या, कोरड्या वाळूची बादली हाताशी ठेवा.

पोर्टात फडकं कोंबाल तर लाल आणि लांब शेपटीचं कोंबा, आणि किती कोंबली ते खडूने टोपणावर लिहा. हा नियम मी का पाळतो ते विचारू नका.

१०. आतून आरगॉन भरा

हे ३०४ एलवाल्यांसाठी. एमएसवाले पुढच्या पायरीवर गेले तरी चालेल.

गरम स्टीलला आतल्या बाजूने हवा लागली की तिथे काळी, खडबडीत, जळक्या साखरेसारखी गाठ येते. ती ठिसूळ असते आणि तडा तिथूनच सुरू होतो. माझं पहिलं मॅनिफोल्ड फुटल्यावर मी ते उभं चिरलं. बाहेरून सोनेरी वेल्ड आणि आत नुसती चिकी!

सगळी तोंडं फॉइल आणि टेपने बंद करा. एका तोंडातून आरगॉनची नळी आत, दुसऱ्या टोकाला, शक्यतो वरच्या बाजूला, सुईने भोक. हवा हलकी, ती वरून निघते. सिलिंडरला दोन वाटांची जोडणी करून दुसरा फ्लोमीटर लावा, मिनिटाला चार-पाच लिटर. भोकाशी पेटती काडी धरा. ती विझली म्हणजे गॅस तिथवर पोचला, पण हवा पूर्ण गेली असं समजू नका. अजून तीन मिनिटं जाऊ द्या. वेल्ड चालू असताना दाब कमी ठेवा. जास्त झाला तर शेवटच्या फटीतून तो डोह फुंकून देतो.

११. वेल्ड करा

टॉर्च (टंगस्टन धरणारी मूठ) निगेटिव्हला, अर्थिंग पॉझिटिव्हला. उलटं जोडलं तर टंगस्टनचं टोक वितळून गोळा होतो. गॅस मिनिटाला ७-८ लिटर. जास्त गॅस म्हणजे जास्त चांगलं असं नाही, फार झाला तर तो भोवरा करून हवा आत ओढतो. २.७७ मिमीला ८० ते १०० अँपिअर, ४ मिमीला ११० ते १३०. आधी त्याच पाइपच्या तुकड्यांवर अर्धा दिवस हात बसवा. उरलेले तुकडे त्यासाठीच असतात.

टॉर्च थोडा मागे कललेला, टोक आणि कामात दोन-तीन मिमी अंतर. आधी डोह होऊ द्या. दोन्ही कडा वितळून एकत्र आल्या की तार डोहाच्या पुढच्या कडेला टेकवा, उचला, पुढे सरका. तार आर्कमध्ये धरू नका, आणि तिचं गरम टोक गॅसच्या बाहेर काढू नका.

फ्लँज जाड आणि पाइप पातळ, म्हणून आर्कचा रोख फ्लँजवर ठेवा. डोह फ्लँजवर तयार होतो आणि पाइपकडे ओघळतो. उलट केलंत तर पाइपाला भोक पडेल आणि फ्लँजवर नुसतं चिकटेल. फ्लँज आधी हाताला सोसवणार नाही इतका गरम करून घेतला तर काम सोपं जातं आणि दमटपणाही जातो.

एका फेरीत पूर्ण गोल मारू नका. एक पाव इथे, मग समोरचा पाव, मग दुसरा जोड. हे सगळं मॅनिफोल्ड जाड प्लेटवर किंवा भंगारातल्या जुन्या हेडवर कसून करा. थांबताना करंट हळू उतरवा, शेवटचा थेंब भरा आणि टॉर्च तिथेच धरून ठेवा. गॅस अजून आठ-दहा सेकंद यायला हवा. घाईने टॉर्च उचलला की शेवटी ताऱ्यासारखा बारीक तडा पडतो.

स्टीलवर रंग पाहा. पिवळसर, सोनेरी उत्तम. निळा, जांभळा चालेल. राखाडी, काळा म्हणजे उष्णता जास्त किंवा गॅस कमी. रंगीत पट्ट्यांचे फोटो पाठवायला छान असतात, पण सांध्याची मजबुती आत किती शिरलं यावर ठरते.

१२. थंड होऊ द्या, मग तपासा

पाणी मारू नका. कसलेलं तसंच रात्रभर सोडा. सकाळी नट सोडवून तीनही फ्लँज जाड सपाट काचेवर ठेवा आणि खाली फीलर गेज घाला. ०.१५ मिमीची पट्टी जात असेल तर तालुक्याच्या लेथवाल्याकडून तोंडं एका पातळीत करून आणा. १२ मिमीची प्लेट घेतली ती याचसाठी, अर्धा मिमी गेला तरी काही बिघडत नाही.

गळती बघायला तोंडांवर रबर आणि पट्ट्या कसून आत थोडी हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. डिझेल भरून बघायचा जुना प्रकार टाळा. गळती निघाली तर तुम्हाला तिथेच परत वेल्ड करायचं असतं आणि आतली वाफ भडकते.

१३. चढवा

नवीन पॅकिंग, नवीन स्टड. आधी सायलेन्सरची आधारपट्टी. नट मधल्या फ्लँजपासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत कसा. ८ मिमीच्या स्टडला २० ते २५ न्यूटन मीटर पुरे, अंगातली रग इथे काढू नका. पंधरा मिनिटं कमी वेगावर चालवा. थोडा धूर येईल, तो हातांच्या तेलाचा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर परत कसा, आणि दहा तास काम झाल्यावर पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक जोडाभोवती बोट फिरवा. काजळीचा ओघळ दिसला तर तिथे गळती आहे. सोयाबीनच्या कुटाराजवळ मळणी चालू असेल तर अशा गळतीतून उडणारी ठिणगी महागात पडते, तेव्हा ती तशीच चालवू नका. उभ्या सायलेन्सरवर झाकण नसेल तर रात्री रंगाचा रिकामा डबा उपडा घाला आणि सकाळी सुरू करण्याआधी काढा.

जीप किंवा बाइकला असंच काही करायचं मनात असेल तर थांबा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनात परस्पर बदल करायला मनाई आहे. आपण मूळ आकाराचा भाग बदलतोय की इंजिनाचा आवाजच बदलतोय, हे आरटीओत आधी विचारून घ्या.

आणि जुनं बिडाचं मॅनिफोल्ड भंगारात टाकू नका. स्टडची मापं, पोर्टाचा आकार, सायलेन्सरच्या तोंडाचा कोन, सगळं त्यात आहे. माझं कोठ्यात खुंटीला टांगलेलं आहे, आणि मागच्या पोळ्याला शेजारच्या गावचा एक जण त्याच मॉडेलसाठी त्यावरून पुठ्ठा कापून घेऊन गेला.